ज्यांचं नाव दोन याद्यांमध्ये आहे त्यांना खुलं पत्र

नमस्कार पोस्ट होल्डर मंडळी,

सगळ्यात आधी अभिनंदन, आणि हे तोंडदेखलं नाही, एका पोस्टसाठी काय काय घालावं लागतं ते मला माहितीये आणि तुमच्या तर दोन दोन निघाल्यात. हे पत्र आयोगाला लिहिलेलं नाही, सरकारला नाही, क्लासवाल्या सरांना तर अजिबातच नाही. तुम्हालाच आहे. एमपीएससीच्या तात्पुरत्या निवड यादीत ज्यांचं नाव आलंय आणि ज्यांच्या हातात आधीच दुसऱ्या, बहुतेक वेळा याहून चांगल्या पदाची ऑर्डर आहे, अशा तुम्हाला. त्या यादीनंतर थोडे दिवस वेबसाइटवर एक विकल्प चालू असतो, भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प असं त्याचं सरकारी नाव, आपण सगळे त्याला ऑप्टिंग आउट म्हणतो. ते बटण दाबलं की तुमचं नाव यादीतून निघतं आणि जागा खालच्याला जाते. त्या बटणाबद्दल बोलायचंय. पण थेट तिथेच आले तर तुम्ही म्हणाल आली मागायला, म्हणून आधी बटणाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी अर्ध्या मार्काने राहिले. एमपीएससीची कंबाईन म्हणजे संयुक्त गट ब परीक्षा, मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा, पद राज्यकर निरीक्षक. तुम्हाला पॅटर्न पाठ आहे पण तुमच्या घरचे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते, दोन पेपर, प्रत्येकी शंभर प्रश्न आणि दोनशे मार्क, म्हणजे एक प्रश्न दोन मार्कांचा, आणि उत्तर चुकलं की त्याच्या पाव, म्हणजे अर्धा मार्क कापला जातो. आता बघा, अर्ध्या मार्काने राहणं म्हणजे काय, तर उत्तरपत्रिकेवर उत्तरासाठी रंगवतात तो एक गोळा कमी रंगवला असता तरी बरोबरी झाली असती. अभ्यास कमी पडला असं पण म्हणता येत नाही. हात जरा कमी चालला असता तर झालं असतं, इतकंच.

आणि तो गोळा कुठला हे मला माहितीये. पेपर एक, व्याकरण, ‘मीठभाकर’ या शब्दाचा समास ओळखा. समाहार द्वंद्व. शाळेतल्या पोराला येतं, मला झोपेत येतं, मी दोन वर्षं लहान मुलांना शिकवलंय हे. आणि मी इतरेतर रंगवला. का, ते आजपर्यंत कळलेलं नाही, बहुतेक वेळ संपत आली होती आणि ‘द्वंद्व’ एवढं डोळ्यांनी वाचलं आणि हाताने पुढचं केलं. तो बरोबर आला असता तर अडीच मार्कांचा फरक पडला असता आणि मी दोन मार्कांनी आत असते. मीठभाकरीने माझी भाकरी घालवली, असं मी नंतर वर्षभर सांगत फिरले, लोक हसायचे, मीपण हसायचे, आणि रात्री ओएमआरची, म्हणजे त्या गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेची, कार्बन कॉपी काढून तो गोळा खरंच तिथेच आहे का ते बघायचे. तिथेच असायचा.

रिझल्टच्या दिवशीचं सांगत नाही फार. पीडीएफ उघडली, सर्चमध्ये नंबर टाकला, काही सापडलं नाही असं आलं, मग वाटलं मोबाईलचा प्रॉब्लेम असेल म्हणून मैत्रिणीच्या मोबाईलवर टाकला. मग हाताने, ओळ न् ओळ, बोट लावून. हे सगळेच करतात. वेगळं एवढंच झालं की माझ्या रूममधल्या दोघींपैकी एकीचं नाव होतं, आणि ती रडायला लागली, आनंदाने, आणि मग माझ्याकडे बघून थांबली, आणि ते थांबणं मला सगळ्यात जास्त लागलं. तिला म्हटलं अगं रड ना, तू कशाला थांबतेस. संध्याकाळी तिला गुलाल मीच लावला. खोटं नाही सांगत, तेव्हा मनापासून लावला. जळफळाट नंतर आला, चार दिवसांनी, आंघोळ करताना, काही कारण नसताना.

आईला फोन केला. बाबांनी तोवर निम्म्या गावाला ‘निघाल्यातच जमा’ सांगून ठेवलेलं, कारण पहिल्या उत्तरतालिकेनुसार माझा स्कोर वरच होता, पण अंतिम उत्तरतालिकेत दोन प्रश्न रद्द झाले आणि त्यातला एक माझा बरोबर होता. हे बाबांना समजावून सांगणं म्हणजे जीएसटी समजावण्यापेक्षा अवघड. आई फक्त म्हणाली, अर्धाच मार्क का, मग उसना नाही का मिळत कुणाकडून? तिला खरंच वाटलं असं काहीतरी असेल. मी हसले आणि फोन ठेवला. हा प्रश्न लक्षात ठेवा, परत येणारे मी त्याच्याकडे.

नंतरचे महिने. मोटिवेशनचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका तरी सरांनी पी. टी. उषा सांगितली नाही असं होत नाही, १९८४, लॉस एंजेलिस, चारशे मीटर हर्डल्स, सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ हुकलं. मान्य, पण उषाताईंचं हुकलेलं अख्ख्या देशाला पाठ आहे, माझं हुकलेलं फक्त मला आणि माझ्या कार्बन कॉपीला. थोडक्यात राहिलेल्या माणसाला कुणी दुसरा थोडक्यात राहिलेला दाखवला तर बरं वाटतं ही कुणाची आयडिया आहे देव जाणे. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ वाल्यांना तर मी विचारायचे, ही माझी चौथी पायरी आहे, जिना किती मजली आहे? उत्तर नाही यायचं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली आणि ती कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत. चाळीस मार्कांनी राहिलेल्या माणसापेक्षा अर्ध्या मार्काने राहिलेला जास्त अडकतो. चाळीसवाल्याला दुःख होतं, तो आठवडाभर झोपतो, आणि मग गावी जाऊन काहीतरी सुरू करतो, निदान नीट विचार तरी करतो की आपलं हे काम आहे का. अर्ध्यावाला विचारच करत नाही, त्याला वाटतं दार उघडंच आहे, फक्त उंबऱ्याला पाय अडखळला, परत एकदा नीट उचलून टाकला की झालं. आणि मग एक अटेम्प्ट, अजून एक, आणि वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असल्यामुळे सरकार काही तुम्हाला लवकर थांबवत नाही, थांबायचं ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. आमच्या अभ्यासिकेत एक दादा होते, त्यांचं एका मार्काने गेलेलं, ते दरवर्षी त्या एका मार्काबद्दल असं बोलायचे जसं काही तो कालच गेलाय, खरं तर त्याला सात वर्षं झाली होती.

आणि दुसरं म्हणजे तो अर्धा मार्क तुमची लायकी मोजतच नाही. चारशे मार्कांची परीक्षा, हजारो पोरं, सगळ्यांनी तीच पुस्तकं वाचलेली, त्याच टेस्ट सिरीज सोडवलेल्या, मग कटऑफच्या आसपास गर्दी होणारच, एकेका अर्ध्या मार्कावर कितीतरी जण एकमेकांच्या खांद्यावर बसलेले असतात. रेघ कुठे पडेल हे त्या वर्षी जागा किती, कुठला प्रश्न रद्द झाला, आणि (इथे येतंय बघा तुमचं बटण) वरच्या किती जणांनी यादी सोडली यावर ठरतं. तलाठी भरतीत नाही का झालं, २०२३ ची, ४६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज, आणि नॉर्मलायझेशन करून, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणून, कुणाला २०० पैकी २१४ मार्क. दोनशेपैकी दोनशे चौदा हा आकडा बघून मी पहिल्यांदा माझ्या अर्ध्या मार्काला हसले असेन, खरं हसले, कारण जिथे एकूण मार्कांच्या वर मार्क मिळू शकतात तिथे मी अर्ध्यासाठी स्वतःचं डोकं कशाला फोडून घ्यायचं. नॉर्मलायझेशन का लागतं ते मला कळतं हो, शिफ्ट वेगवेगळ्या, पेपर वेगवेगळे, तरीपण.

हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर काय केलं तर काहीच धड केलं नाही. दुपारी झोपायचे आणि रात्री जागायचे, घरच्यांचे फोन टाळायचे, लग्नकार्याला जायचं नाही कारण तिथे कुणीतरी विचारणार काय झालं तुझं. एकदा फार वाईट रात्र होती, २०२१ मध्ये पुण्यात मुलाखतीची वाट बघत असलेल्या आपल्यातल्याच एका मुलाने जीव दिला होता ती बातमी मी परत परत काढून वाचत होते, आणि माझी मला भीती वाटली. तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी मला एकही सुविचार सांगितला नाही. जेवलात का विचारलं, खोलीत कोण आहे विचारलं, आणि मग म्हणाल्या त्या उत्तरपत्रिकेची कॉपी आहे ना ती उद्या घरी पाठवून द्या, तुमच्या खोलीत नको. एवढंच. मी खरंच पाठवली, कुरिअरने, आईने ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. अजून तिथेच आहे.

आता बटण.

आमच्या त्या यादीच्या वेळी माझ्या प्रवर्गात माझ्या वर अजून एकच जण बाहेर राहिलेला होता, म्हणजे यादीतून दोघं बाहेर पडले असते तर दुसरी जागा माझी. आणि यादीत दोघं असे होते जे आधीच याहून मोठ्या पदावर निवडले गेले होते, हे सगळ्यांना माहीत, त्यांचे सत्कारांचे फोटो सगळीकडे, फ्लेक्स लागलेले. आम्ही काय केलं असेल त्या दिवसांत ते तुम्ही ओळखलंच असेल. नंबर शोधले, ओळखीतून निरोप पाठवले, मेसेज लिहिला आणि आठ वेळा खोडला, सर की दादा, विनंती की रिक्वेस्ट, किती लाचार दिसतंय, किती उर्मट दिसतंय. एकाने दुसऱ्याच दिवशी ऑप्टिंग आउट केलं आणि स्वतःहून स्क्रीनशॉट टाकला, खाली लिहिलं ‘उशीर झाला, सॉरी’. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण त्याचं नाव आलं की आमच्या घरी अजून आई हात जोडते.

दुसऱ्याने केलं नाही. मेसेज बघितला होता, दोन निळ्या टिका होत्या. शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत आम्ही जागे होतो. मग विकल्प बंद झाला, अंतिम यादी आली, त्याचं नाव होतं, माझं नव्हतं, आणि तो त्या पदावर रुजू झालाच नाही, होणारच नव्हता, त्याचं ट्रेनिंग दुसरीकडे चालू होतं. ती जागा कुणालाच मिळाली नाही. त्यालापण नाही. मला राग आला तो याचा. दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर निदान कुठल्या तरी घरात पेढे वाटले गेले असते. ‘प्रतीक्षा यादी असते ना’ असं कुणी म्हणेल तर हो, कुठे असते कुठे नसते, असली तर तिला मुदत असते, आणि ती हलायला आधी वरच्याने रुजू व्हायला नकार द्यावा लागतो, मग पत्रव्यवहार, मग कुणीतरी मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद चालतात त्या न्यायाधिकरणात, गेलेलं असतं. बटणाला दोन मिनिटं लागतात.

मी त्या माणसाला मनात फार शिव्या दिल्यात. दोन वर्षं. मीठभाकर परवडली असा राग होता त्याच्यावर, कारण मीठभाकर माझी चूक होती आणि हे त्याचं आळशीपण, माज, काय वाट्टेल ते. तो कसा असेल, घरी कसा वागत असेल, फाइलवर सही करताना लोकांना किती वेळ ताटकळत ठेवत असेल, सगळं मी ठरवून टाकलं होतं.

मग माझी पोस्ट निघाली. कर सहायक, गट क. निरीक्षक व्हायचं होतं, सहायक झाले, डिपार्टमेंट तेच. बारावीच्या सुट्टीत बाबांनी जबरदस्तीने टायपिंगला घातलं होतं, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, ते सर्टिफिकेट कामाला आलं. ऑर्डर आली, रुजू झाले, पहिला पगार झाला. आणि नंतर एका दुसऱ्या परीक्षेच्या, मी विसरूनही गेले होते अशा परीक्षेच्या, तात्पुरत्या निवड यादीत माझं नाव आलं. लिपिक-टंकलेखक.

आता तुम्हाला वाटेल मी पहिल्या मिनिटाला बटण दाबलं असेल. नाही दाबलं. पहिल्या दिवशी वाटलं बघू, घाई काय आहे. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं लिपिकाला पुढेमागे आपल्याच जिल्ह्यात मिळू शकतं, राहू दे की नाव, काय बिघडतं. मग मला आठवलं राज्यसेवा २०१९ वाले ४१३ जण, निवड होऊनसुद्धा आरक्षणाच्या कोर्टकचेरीत किती काळ नियुक्तीविना बसले होते, आणि मी तर रुजू झालेली, पगार खात्यात, तरीपण पोटात कालवाकालव, की समजा ही नोकरी गेली तर, समजा कुठे केस पडली तर, समजा पडताळणीत काही निघालं तर. इतकी वर्षं कुठल्याच यादीत नाव नसलेल्या माणसाला यादीतलं आपलं नाव स्वतःच्या हाताने काढायचं म्हणजे अंगावरचा दागिना उतरवून दुसऱ्याला देण्यासारखं वाटतं, भले तो आपण कधी घालणार नसू. आणि मोबाईलवर मेसेज यायला लागले. ‘मॅडम एक विनंती होती.’ ‘ताई तुम्ही ऑलरेडी कर सहायक आहात असं कळलं.’ एकीने लिहिलं होतं, ‘मी सर कटऑफला’, ताई लिहायचं तर सर लिहिलं आणि दुरुस्त करायच्या आधीच पाठवलं होतं, आणि तिची ती धांदल मला इतकी ओळखीची वाटली. मी तो मेसेज उघडला, वाचला, उत्तर दिलं नाही. दोन निळ्या टिका.

म्हणून सांगते, तुम्ही का दाबत नाही ते मला माहितीये. माजच असतो असं नाही. कधी भीती असते, कधी घरचे म्हणतात असू दे, कधी ट्रेनिंगमध्ये नेट नसतं आणि तारीख निघून जाते, कधी नुसताच कंटाळा असतो, आणि कधी खरंच दुसरी पोस्ट पक्की नसते, तेव्हा तर दाबूच नका, तो तुमचा हक्क आहे आणि त्यावर कुणी तुम्हाला बोललं तर माझ्याकडे पाठवा. पण पक्की असेल, रुजू झाला असाल, या दुसऱ्या पदावर कधीच जाणार नाही हे तुम्हाला आतून माहीत असेल, तर ती जागा तुमच्या काही कामाची नाहीये. आणि एक, कुणी बाहेर पडण्यासाठी हात पुढे करून काही मागायची कल्पना जरी तुमच्या डोक्यात घातली तरी त्या माणसाचा नंबर डिलीट करा, याच्यावर मी जास्त लिहीत नाही, लिहिलं तर तोंडातून भलतं जाईल.

आणि मेसेज करणाऱ्यांना उत्तर द्या हो. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. ‘माझी पहिली पोस्ट अजून पक्की नाही’ एवढं एक वाक्य. नकार पचतो, खरंच पचतो, आम्हाला सवय आहे. ते निळ्या टिकांकडे बघत बसणं नाही पचत.

मी शेवटच्या दिवशी संध्याकाळी दाबलं, ऑफिस सुटल्यावर, जिन्यात उभी राहून. ओटीपी आला, टाकला, झालं. त्या ‘सर’ लिहिणाऱ्या मुलीला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं उशीर झाला, सॉरी. पाठवल्यावर लक्षात आलं हे शब्द माझे नाहीत.

काही आठवड्यांनी अंतिम यादी आली. माझ्या प्रवर्गात खाली खाली गेले, तात्पुरती यादी जिथे संपली होती तिथपर्यंत, त्याच्या पुढे एक नाव जास्त होतं. त्या मुलीचं नव्हतं ते. दुसऱ्याच कुणाचं तरी. ती बहुतेक अजून एक-दोन जणांच्या खाली असणार, तिला मी काय लिहू कळेना, शेवटी लिहिलं की कार्बन कॉपी घरी पाठवून दे. मग आईला फोन केला आणि ते यादीतलं शेवटचं नाव वाचून दाखवलं.

आई म्हणाली, कोण गं ही?

म्हटलं, माहीत नाही. अर्धा मार्क उसना नेलाय तिने.

तुमचीच,
साड्यांखाली कार्बन कॉपी असलेली एक कर सहायक